‘किडा नसलेला मासा’ असं आम्ही लिहून देणार नाही



गेले पंधरा दिवस जेटीवर आणि आपल्या ग्रुपवर एकच विषय चालू आहे. कुणीतरी बाजारातून बांगडे नेले, घरी साफ करायला बसले, कल्ले उघडले तर आत पांढरट, पाय असलेला एक किडा. त्याचा व्हिडिओ झाला आणि तो गावभर फिरला. दुसऱ्या दिवशी आपल्या मासळी विकणाऱ्या भगिनी दुपारपर्यंत पाट्या घेऊन तशाच बसून होत्या. एका हॉटेलवाल्याने तर दोन क्रेट परत पाठवले. मासा ताजा होता, बर्फही नीट होता, तरी परत.

मग सभासदांकडून सूचना आल्या. एक म्हणाले, संस्थेच्या नावाने बोर्ड लावूया, ‘आमचा मासा शंभर टक्के किडामुक्त’. दुसरे म्हणाले, कल्ले आणि डोकी काढूनच विकूया, म्हणजे कुणाला काही दिसायलाच नको. तिसरे म्हणाले, पोलिसात तक्रार द्या, ही अफवा आहे.

कार्यकारिणीने बसून विचार केला. यातली एकही गोष्ट आम्ही करणार नाही. का करणार नाही ते सांगण्यासाठीच हा लेख आहे. थोडा लांब झाला आहे, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्या पोटाचा आहे.

पहिली गोष्ट, ती अफवा नाही. बांगड्याच्या कल्ल्यात असा किडा असतो. आपल्यातल्या जुन्या माणसांनी तो शेकडो वेळा बघितला आहे, बोटाने काढून पाण्यात टाकला आहे. केरळच्या मलबार किनाऱ्यावरच्या अभ्यासकांनी त्याची रीतसर नोंद केली आहे. त्याचे शास्त्रीय नाव नोरिलेका इंडिका. खेकडे, सुंगटे यांच्या दूरच्या नात्यातला हा प्राणी. तो माशाच्या कल्ल्यात राहतो आणि त्याच्याच अंगावर जगतो. माणसाच्या पोटात तो जगत नाही, माणसाला त्याच्यापासून रोग होत नाही. दिसायला किळसवाणा आहे, एवढेच.

तक्रार देऊन खरी गोष्ट खोटी होत नाही. २०१८ च्या जुलै महिन्यात गोव्यात फॉर्मेलिनचा गोंधळ झाला तेव्हाचे दिवस आठवा. बाहेरची मासळी काही दिवस बंद झाली आणि आपली ताजी मासळीसुद्धा लोक घेईनात. तेव्हा आपण काय शिकलो? गिऱ्हाइकाचा विश्वास एकदा गेला की तो भाव कमी करून परत येत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. व्हिडिओखाली एका गिऱ्हाइकाने लिहिले होते, ‘एक दिसला म्हणजे आत शंभर असणार.’ हे वाक्य आमच्या डोक्यात बसले. कारण प्रश्न बरोबर आहे. माशाच्या अंगात किडा शिरला, तिथे खायला आहे, राहायला आहे, मग तो वाढत का नाही? एकाचे शंभर, शंभराचे हजार का होत नाहीत? समुद्रातला प्रत्येक मासा किड्यांनी भरून मरायला हवा होता. तसे होत नाही. आपण रोज टनांनी मासा बघतो, बहुतेक मासा धडधाकट असतो.

आम्ही शास्त्रज्ञ नाही. पण हा प्रश्न आम्ही जाणकारांना विचारला, मिळेल ते वाचले. त्यातून जे कळले ते आपल्या भाषेत मांडतो.

जागा मोजकीच असते

या कल्ल्यातल्या किड्याच्या कुळातले आणखी काही किडे माशाच्या तोंडात राहतात. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या समुद्रात एक जात आहे, ती आपल्या तांबशाच्या जातभाईची जीभ खाते. जिभेचे रक्त शोषते, जीभ वाळून जाते आणि तिच्या जागी किडा स्वतः बसतो. ब्रुस्का आणि गिलिगन या दोघांनी १९८३ मध्ये हे लिहिले. मासा तरीही जगतो, खातो-पितो.

या कुळाची गंमत अशी की प्रत्येक किडा आधी नर असतो आणि पुढे त्याची मादी होते. माशावर पहिला पोचतो तो वाढून मादी होतो. मागून येणारा नरच राहतो. अनेक जातींत असे दिसून आले आहे की मोठी मादी जागेवर बसलेली असेपर्यंत दुसऱ्याची मादी होत नाही. ती मेली किंवा गळून पडली की मगच त्याचा नंबर लागतो. म्हणजे एका माशावर अंडी देणारी बहुधा एकच. तिची पिल्लेसुद्धा त्याच माशावर राहत नाहीत. ती पाण्यात सुटतात आणि प्रत्येकाला आपला नवा मासा शोधावा लागतो. त्यातली बहुतेक वाटेतच संपतात.

तेव्हा त्या गिऱ्हाइकाला उत्तर असे आहे: कल्ल्यात एक मोठा किडा दिसला तर फार तर त्याचा एक जोडीदार असेल. शंभर नसतात.

पोटातल्या पट्टकृमीचेही असेच काहीसे आहे. क्लार्क रीड नावाच्या शास्त्रज्ञाने १९५१ मध्ये उंदरांवर हे दाखवले. उंदराच्या आतड्यात एकच कृमी असला तर तो भरपूर लांब वाढतो आणि पुष्कळ अंडी घालतो. तेच दहा-वीस असले तर प्रत्येक खुजा राहतो, अंडीही कमी घालतो. खाणारी तोंडे वाढली, ताट मात्र तेवढेच. आपल्या घरात होते तसेच.

मासा स्वतः गप्प बसत नाही

दुसरा लगाम माशाचा स्वतःचा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीतपणा नुसता हातातून निसटण्यासाठी नसतो. त्यात किड्यांना मारणारे पदार्थ असतात. आत शिरलेल्या अळीभोवती मासा गाठ बांधतो, तिला कोंडून टाकतो. मासा कापताना आतड्यावर, यकृतावर घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली बारीक अळी दिसते ना, ती अशी कोंडलेली असते. ती तिथे वाढत नाही, अंडी घालत नाही. ती वाट बघत असते, हा मासा कधी डॉल्फिनच्या किंवा देवमाशाच्या पोटात जाईल याची. तिची पुढची वाढ तिथे होते. माशात तिची संख्या वाढते ती फक्त माशाने तशा अळीचे आणखी भक्ष्य खाल्ले तर. म्हणून मोठ्या, वयस्कर माशात त्या जास्त सापडतात आणि लहानात कमी.

पण सगळेच किडे असे बाहेरून एक-एक करून येत नाहीत. काही किडे माशावरच पिल्ले घालतात आणि तिथेच वाढतात. त्यांच्या बाबतीत माशाची ताकद हाच मोठा आधार, आणि ती नसली तर काय होते याचे उदाहरण नॉर्वे देशात आहे.

जायरोडॅक्टिलस सॅलारिस नावाचा अर्धा मिलिमीटरचा किडा. सामन माशाच्या कातडीला आकड्यांनी चिकटतो. अंडी घालत नाही, थेट पिल्लू देतो आणि त्या पिल्लाच्या पोटात पुढचे पिल्लू आधीच तयार असते. म्हणजे याला दुसऱ्या माशाची वाटच बघायला नको. बाल्टिक समुद्राच्या बाजूच्या नद्यांतला सामन या किड्याबरोबर पिढ्यान् पिढ्या राहिला आहे. त्याच्यावर किडा चढतो, काही दिवस वाढतो, मग मासा त्याला आवरतो आणि संख्या खाली येते. तोच किडा स्वीडनमधून आणलेल्या माशांबरोबर नॉर्वेत गेला. १९७५ मध्ये तिथे त्याची नोंद झाली. नॉर्वेच्या नद्यांतल्या सामनला हा पाहुणा नवा होता, त्याला आवरायची विद्या त्या माशाकडे नव्हती. एकेका पिल्लावर हजारांनी किडे झाले. सुमारे ५० नद्यांत तो पसरला आणि तिथली बहुतेक पिल्ले मेली. शेवटी सरकारने नदीत विष घालून सगळे मासेच मारायचे आणि पुन्हा नव्याने बीज सोडायचे असा मार्ग घेतला. नदीमागून नदी, कित्येक वर्षे.

किडा दोन्हीकडे एकच, मासाही सामनच. एकीकडे त्याला आवरणारे अंग होते, दुसरीकडे नव्हते. फरक एवढाच, आणि त्यात नद्या गेल्या.

आणखी एक प्रयोग सांगतो, तो आपल्या पिंजरेवाल्यांनी नीट वाचावा. नॉर्वेतल्याच अभ्यासकांनी २००० मध्ये सामनच्या जातीच्या माशांना शरीर ताणाखाली असताना जे द्रव्य तयार होते तशा प्रकारचे औषध टोचले. ज्या माशांनी एरवी या किड्याला आवरले असते, त्यांच्यावरही तो जास्त वाढला. म्हणजे किडा तोच, मासा तोच, फक्त मासा तणावात आहे असे त्याच्या शरीराला वाटले, आणि लगाम ढिला पडला.

जास्त भरलेला मासा बुडतो

तिसरा लगाम कठोर आहे. किडे सगळ्या माशांवर सारखे वाटलेले नसतात. बहुतेक माशांवर एकही नसतो किंवा एखादा असतो, आणि थोड्या माशांवर ढीग असतो. १९७१ मध्ये क्रॉफ्टन यांनी आणि १९७८ मध्ये अँडरसन आणि मे या दोघांनी याचे गणित मांडले. ज्या माशावर ढीग असतो तो अशक्त होतो, मागे पडतो, मोठ्या माशाच्या किंवा पक्ष्याच्या तोंडी जातो नाहीतर मरतो. आणि मरताना आपल्यावरचे सगळे किडे घेऊन मरतो. एका मेलेल्या माशाबरोबर किड्यांचा मोठा वाटा संपतो. काही जाती अशा आहेत की त्यांना पक्ष्याच्याच पोटात जायचे असते, त्यांचे साधते. बाकीच्यांचा तिथेच शेवट.

होडीत किती माल भरायचा हे आपल्याला माहीत आहे. जास्त भरला की होडीही जाते आणि मालही. समुद्रात असेच चालले आहे, लाखो वर्षे.

आता एवढे सगळे सांगून आमचे मत काय?

आमचे मत असे की समुद्रातला मासा म्हणजे किडे आवरून जगणारा मासा. किडे अजिबात नसलेला मासा आपण कधी विकला नव्हता, पुढेही विकणार नाही. म्हणून ‘किडामुक्त’ असा बोर्ड लावणे म्हणजे खोटे लिहून देणे. ज्या दिवशी त्या बोर्डाखालच्या पाटीत एक किडा निघेल, त्या दिवशी संस्थेचा बाकी सगळा शब्दही खोटा ठरेल. बर्फाबद्दल आपण सांगतो ते, ताजेपणाबद्दल सांगतो ते, सगळेच.

डोकी काढून विकणेही आम्हाला पटत नाही. कल्ला लाल आहे का हे बघूनच शहाणे गिऱ्हाईक ताजा मासा ओळखते. ती खूणच आपण काढून घेतली तर ते म्हणणार, हे काहीतरी लपवतात. आणि ते चुकीचे म्हणणार नाहीत.

मग करायचे काय? जे आपल्या हातात आहे ते.

एक. मासा पकडल्यावर लवकर बर्फात घाला आणि मोठा मासा शक्य तेवढ्या लवकर पोट काढून साफ करा. मासा मेला की त्याला आवरणारे अंगही मेले. मग काही माशांत पोटातल्या अळ्या आतड्यातून मांसात सरकतात. जिवंतपणी माशाने त्यांना कोंडून ठेवले होते, मेल्यावर ते काम आपले.

दोन. साफ केल्यावर आतडी जेटीवरून पाण्यात फेकू नका. हे आम्ही याआधीही सांगितले आहे, तेव्हा कारण वासाचे होते. आता दुसरेही कारण कळले. त्या आतड्यांतल्या अळ्या खाणाऱ्या माशांत आणि समुद्री प्राण्यांत परत जातात. आपण स्वतःच किड्यांना पुढची होडी गाठून देतो. आतड्यांसाठी वेगळे पिंप ठेवायचा विषय पुढच्या बैठकीत घेणार आहोत.

तीन. गिऱ्हाइकाने विचारले तर खरे सांगा. भगिनींनो, हे तुम्हालाच सांगायचे आहे, कारण गिऱ्हाइकाच्या समोर तुम्ही असता. ‘बाय, हा कल्ल्यातला किडा आहे, मासा ताजा आहे, कल्ला काढून टाका, नको असेल तर मी दुसरा देते.’ एवढे पुरे. आमटीत नीट शिजवलेल्या किंवा तळलेल्या माशात कुठलीही अळी जिवंत राहत नाही, ६० अंशांच्या वर त्या मरतात. कच्चा किंवा नुसते मीठ-लिंबू लावलेला मासा मात्र खाऊ नये असे सांगा, त्याने पोटातल्या अळ्या मरतीलच असे नाही. हॉटेलवाल्यांना कच्चा मासा वाढायचा असेल तर तो आधी गोठवावा लागतो. युरोपच्या नियमात उणे २० अंशांत किमान २४ तास आहेत, अमेरिकेच्या मार्गदर्शनात ७ दिवस. क्वचित एखाद्याला मेलेल्या अळीचीही ऍलर्जी होते, म्हणून साफ करताना दिसेल ती काढून टाकायचीच.

चार. पिंजरेवाल्या सभासदांसाठी. तुमच्यावर राग नाही, पण बोलावे लागेल. गेल्या हंगामात आपल्याच एका पिंजऱ्यात चोणक अंग घासत फिरू लागली, डोळे पांढरे झाले, रोज दहा-बारा मेली. तेव्हा आपण काय केले? दुकानदाराने दिलेले औषध ओतले, दुसऱ्या आठवड्यात दुप्पट ओतले. किडे पुन्हा आले.

वर जे तीन लगाम सांगितले ते पिंजऱ्यात बघा. समुद्रात किड्याच्या पिल्लाला नवा मासा शोधताना मरावे लागते, पिंजऱ्यात तो वीतभर अंतरावर असतो. समुद्रात अशक्त मासा मोठ्याच्या तोंडी जातो, पिंजऱ्यात तो तिथेच राहून बाकीच्यांना किडे देत बसतो. आणि दाटीत, कमी हवेच्या पाण्यात मासा ताणाखाली असतो, म्हणजे त्याचे अंगही त्याला साथ देत नाही. तिन्ही लगाम आपणच सोडले आणि मग बाटलीकडे बघत बसलो. नॉर्वे आणि स्कॉटलंडच्या मोठमोठ्या सामन पिंजऱ्यांतही जूवरची औषधे वर्षानुवर्षे वापरून जू त्या औषधांना दाद देईनाशी झाली. ते पैसेवाले देश. आपली काय कथा.

म्हणून पिंजऱ्यात बीज कमी सोडा. मेलेला आणि मरायला टेकलेला मासा रोज काढा. जाळी वेळेवर बदला, धुवा, उन्हात वाळवा, कारण चोणकीच्या कातडीवरच्या चपट्या किड्याच्या अंड्यांना धागे असतात आणि ती जाळीला गुंतून राहतात. मासा औषधाने साफ केला आणि जाळी तशीच ठेवली तर आठवडाभरात पुन्हा तेच. गोड्या पाण्यात थोडा वेळ बुडवून काढले तर खाऱ्या पाण्यातले असे बरेच किडे गळतात, पण किती वेळ बुडवायचे ते मत्स्य खात्याच्या किंवा महाविद्यालयाच्या जाणकाराला विचारून. अंदाजाने नको.

आम्हाला माहीत आहे, बीज कमी सोडा म्हणणे सोपे आहे. पिंजऱ्यावर कर्ज आहे, हप्ता दर महिन्याला येतो आणि कागदावरचा नफा पिंजरा भरला तरच जुळतो. पण गेल्या हंगामात जी चोणक मेली तिचाही हिशेब त्याच वहीत आहे. दोन्ही आकडे शेजारी लिहून बघा. ज्यांना मदत लागेल त्यांनी संस्थेत या, आपण बसून मांडूया.

शेवटी परत त्या व्हिडिओकडे येतो. तो काढणाऱ्या माणसाला आपल्या ग्रुपवर बरेच वाईट बोलले गेले. ते बरे झाले नाही. त्याने बघितले ते खरे होते. त्याला कुणी समजावून सांगितले नव्हते, एवढेच. आपल्यालाही नीट सांगता आले नाही, हा दोष आपला. ज्याच्याकडून त्याने बांगडे घेतले त्या बाईला आम्ही विचारले. ती म्हणाली, ‘तो दुसऱ्या दिवशी परत आला असता तर मी बदलून दिले असते. पण तो आलाच नाही.’

तो यावा असे वाटत असेल तर आधी आपण खरे बोलायला हवे. बोर्ड लावायचाच असेल तर आम्ही सुचवतो तो लावा: ‘मासा समुद्राचा आहे. किडा दिसला तर दाखवा, बदलून देऊ.’ रविवारच्या सभेत यावर मत घेणार आहोत. विरोध असेल तर येऊन सांगा, ग्रुपवर नुसता अंगठा देऊ नका.

आपला,
सचिव, संस्थेच्या कार्यकारिणीच्या वतीने